फुटक्या कोपऱ्याची शिळा

मलकापूरच्या स्टेशनातून बाहेर पडून गावाकडे चालू लागलं की सरकीचा वास मागे पडायच्या आत दगडावर चालणाऱ्या टाकीचा, म्हणजे छिन्नीचा, आवाज कानावर यायचा. तो आमचा ठिय्या. वर टिनाचं छप्पर, खाली दगडाचा चुरा, आणि मधे मी आणि माझे बाबा. बाबांना सगळं मलकापूर मिस्त्री म्हणायचं. हळूहळू ते नाव माझ्याकडेही आलं आणि अजून आहे, जरी आता हातात टाकीऐवजी काठी असली तरी.

जाती, पाटे, वरवंटे, खल हा आमचा पोटाचा धंदा. बायका जात्याला टाकी लावून घ्यायला यायच्या. म्हणजे दळून दळून जातं गुळगुळीत झालं की त्याचं तोंड पुन्हा खरखरीत करून द्यायचं. त्यात काय कला? पण पोट त्यानंच भरलं. अक्षरं कोरणं हा माझा नाद. बाबांना लिहिता येत नव्हतं. मला शाळेत घातलं आणि माझं अक्षर वळणदार निघालं, म्हणून त्यांनी पहिल्यांदा एका समाधीचा दगड माझ्यापुढे टाकला आणि म्हणाले, "घे बे, लय पाट्या भरवल्या ना मास्तरानं, आता दाखव."

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दगड आधी वाजवून बघायचा. हातोडीनं हलकेच ठोकला की चांगला दगड टणकन बोलतो. आत चीर असली की भद्द आवाज येतो, आणि तो दगड तुम्हाला फुकट दिला तरी घेऊ नये. प्रत्येक दगडाला नस असते, लाकडाला असते तशीच. नसेच्या बाजूनं मारलं की दगड ऐकतो, उलट मारलं की मधोमध दुभंगतो. मग तो घोटायचा, गेरूत भिजवलेल्या सुतानं ओळी मारायच्या, गेरूनंच अक्षरं लिहायची, आणि मग टाकी. आमच्याकडचा काळा दगड घोटला की काळाभोर होतो आणि टाकी लागली तिथं पांढुरका पडतो. अक्षर त्यामुळंच उठून दिसतं, रंग लागत नाही. सगळ्यात जास्त भीती अनुस्वाराची. एवढासा ठिपका, पण टवका उडाला की सगळी ओळ गेली. अनुस्वार देताना मी श्वास धरायचो आणि ठिय्यावर कुणी बोललं तर शिव्या द्यायचो.

गिऱ्हाइकं एकेक नग असायची. एका अडत्यानं पाणपोई बांधली आणि स्वतःचं नाव एवढं मोठं कोरायला सांगितलं, की मी त्याला विचारलं, शेठ, पाणी कुठं ठेवणार? जळगाव जामोदचे एक पेन्शनर मास्तर होते. त्यांनी जिवंतपणीच आपल्या समाधीचा दगड करून घेतला. सवड मिळाली की एस.टी.नं यायचे, स्वतःचं नाव वाचायचे, त्याच दगडावर बसून भजी खायचे आणि परत जायचे. "मास्तर, घेऊन जा ना आता," म्हटलं की म्हणायचे, "घरी नेला तं बायको रडते. राहू द्या तुमच्यापाशी." असो. या नगांवर लिहीत बसलो तर अंक भरेल. मला सांगायचं आहे ते एकाच शिळेबद्दल.

महाराष्ट्र राज्य नवीन झालं होतं तेव्हाची गोष्ट. गावोगाव उत्साह होता. कुठं स्तंभ उभे राहत होते, कुठं शाळेवर फलक लागत होते. एक दिवस वरवट बकालच्या पलीकडच्या एका गावचे सरपंच ठिय्यावर आले. घरंदाज पाटील माणूस, धोतर पांढरंशुभ्र. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत.

"मिस्त्री," ते म्हणाले, "आमच्या इहिरीवर शिळा बसवाची हाये. अशी कोरा, का कलेक्टर साह्यबानं गाडी थांबवून वाचली पायजे."

मग त्यांनी हकिकत सांगितली. इंग्रजांच्या काळात देशाचे एक फार मोठे पुढारी या भागात दौऱ्यावर होते. त्यांची मोटार या गावाशी थांबली. ऊन रणरणत होतं. ते उतरून विहिरीवर आले. मंडळी दूध घेऊन धावली, पण त्यांनी पाणी मागितलं. तेवढ्यात त्यांची नजर बाजूला उभ्या असलेल्या एका बाईवर गेली. खालच्या वस्तीतली नवी सून, रिकामी घागर घेऊन ताटकळत उभी. त्या वस्तीतल्यांना तेव्हा विहिरीला हात लावू देत नसत. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा, नाही आली तर उभं राहायचं. पुढारी म्हणाले, ही बाई आपल्या हातानं शेंदून देईल तर मी पाणी घेईन. शेवटी गावचे म्हातारे पाटील, म्हणजे या सरपंचांचे वडील, पुढं झाले आणि त्यांनी स्वतः दोर त्या बाईच्या हातात दिला. तिनं शेंदलं, ते प्याले, आणि मग सगळ्या गावाला त्याच घागरीतून प्यायला लावलं. त्या दिवसापासून विहीर सगळ्यांची झाली. एका घोटात गाव सुधारलं असं मी म्हणत नाही, पण त्यानंतर कित्येक वर्षं कुणी त्या वस्तीच्या हातातून दोर काढून घेतला नाही.

त्या पुढाऱ्यांचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा नावालाच हात जोडतो आणि पुढचं वाचत नाही. हे मी कसं शिकलो तेच पुढं सांगतोय.

जागेचं माप घ्यायला गेलो तेव्हा ती सून भेटली. आता म्हातारी झाली होती. सोनाबाई. विहिरीच्या काठावर घागर टेकवून म्हणाली, "काय काय लिहून राह्यला बाप्पा?"

मी कागद काढून वाचून दाखवला. वर पुढाऱ्यांचं नाव, खाली 'यांनी या विहिरीवर सर्वांसोबत बसून येथील भगिनीच्या हातचे पाणी घेतले'.

"भगिनी कोन?"

"तुम्हीच, आजी."

"मंग माह्यं नाव काऊन नाही?"

मी गडबडलो. मजकूर काही मी ठरवला नव्हता. तिनंच हसून मला सोडवलं. "राहू दे. नाव त बदलते, माहेरी येगळं व्हतं. पानी लिहिलं ना? कोन्तं ते दाखव."

मी शेवटच्या ओळीतला तो शब्द दाखवला. तिनं डोळे बारीक करून खूप वेळ बघितला. म्हणाली, "एवढुसंच?"

मी काय सांगू त्या शिळेवर किती मेहनत घेतली! घाटाकडच्या खाणीतून दगड आणला, नुसता ठोकला की घुमायचा. तशी अक्षरं मी आधी कोरली नव्हती आणि नंतरही जमली नाहीत. फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या, मलकापुरात तेव्हा माझ्या तोडीचा हात नव्हता. आणि एवढ्यावर मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण हात चालला की थांबवत नाही. कुणी सांगितलं नसताना मी शिळेचा माथा कमानीसारखा गोल केला आणि उजव्या खांद्यावर एक कमळ काढलं. पाकळी न् पाकळी सुटी. बाबा बघून गेले आणि म्हणाले, "देवळाचा दगड करून राह्यला काय बे? मानसाचा हाये, मानसासारखा ठेव." मला वाटलं, म्हातारा जळतोय.

ठिय्यावरून कुठलाही दगड बाहेर पडताना आई त्याला हळदकुंकू लावायची. जातं असो की पाटा. तसं या शिळेलाही लावलं. मग बैलगाडीत कडबा पसरून तिला निजवलं आणि आम्ही निघालो. बैलांना पाणी पाजायला गावोगाव थांबायचो. बायका वाकून बघायच्या, कमळ दिसायचं, कुंकू दिसायचं, झालं! "कोन्ता देव जी मिस्त्री?" मी काही बोलायच्या आत गाडीवान सांगायचा, "लय मोठे बाबा हायेत माय, पाया पडून घे." दर गावाला कुंकू वाढत गेलं. पूर्णा नदी ओलांडली तेव्हा शिळा लालपिवळी झाली होती आणि पायथ्याशी नारळ जमले होते. आणि मी? मी गाडीवर ताठ बसलो होतो, जसा काही सत्कार माझाच चाललाय.

शिळा विहिरीशेजारी ओट्यावर उभी केली. तोंड पूर्वेला. भाषणं झाली, लेझीम झालं. सगळे पांगल्यावर सोनाबाई पुढं आली. शेवटची ओळ खाली होती म्हणून ती चक्क जमिनीवर बसली आणि तिनं बोट त्या शब्दाच्या खाचेत घालून वरून खाली, वरून खाली फिरवलं. "गार हाये," म्हणाली. मला त्या दिवशी आयुष्यात कुठल्याही बिदागीनं झाला नसेल एवढा आनंद झाला.

थोड्या दिवसांनी सरपंच एस.टी.नं मलकापूरला आले. चेहरा उतरलेला.

"मिस्त्री, तुमची शिळा दिसून नाही राह्यली."

"चोरीला गेली काय?"

"चोरीले गेली असती तं पोलिसात गेलो असतो. देव झाला तिचा!"

झालं होतं असं. गावातल्या काशीबाईची म्हैस हरवली होती. तिनं जाता जाता शिळेला हात जोडले आणि म्हैस संध्याकाळी घरी आली. काशीबाई भोळी, देवभोळी. ती रोज सकाळी दिवा लावू लागली, शेंदूर लावू लागली. तिचं बघून दुसरीनं तेल वाहिलं. इथवर हसण्यासारखं होतं. पण तुळशीराम नावाचा एक इसम त्यात शिरला. त्याला काही कामधंदा नव्हता. त्यानं ओट्याभोवती बाभळीच्या काट्याचं कुंपण घातलं, देवाला 'मोठेबाबा' नाव दिलं आणि स्वतः पुजारी झाला.

मी गेलो, घासलेट लावून शेंदूर खरडून काढला, अक्षरं मोकळी केली. मी मलकापूरला पोचेपर्यंत दुसरा थर चढला असेल. सरपंचांना म्हटलं, तुम्ही दम द्या. ते म्हणाले, "देवाले हात लावला तं पुढच्या निवडनुकीत मले कोन मत देईन?" मी पुन्हा गेलो, पुन्हा खरडलं. शेवटच्या खेपेला मात्र विहिरीवर पोचलो आणि तिथंच थबकलो.

सोनाबाई विहिरीपासून दूर उभी होती. हातात रिकामी घागर.

दोर तुळशीरामच्या हातात होता. "दुरूनच राह्य, सोनाबाई," तो म्हणत होता. "घागर ठेव तथी. मी ओततो."

"काऊन रे? कालपर्यंत मीच शेंदत होती ना?"

"आता इथं देव हाये. देवाची इहीर झाली हे. तुमच्या वस्तीतल्यानं शिवाची नाही. देवाले चालत नाही."

आजूबाजूला माणसं होती. सगळी खाली बघत होती. सरपंचसुद्धा होते, तेही धोतराचा सोगा सावरत उभे. मला काय वाटलं ते सरळ सांगतो: मला माझ्या हातांची लाज वाटली. ज्या गोष्टीसाठी तो दगड उभा केला, तीच गोष्ट तो दगड गिळून बसला होता. मी कमळ काढलं होतं ना, छान, पाकळी न् पाकळी सुटी!

सोनाबाईनं मला बघितलं. म्हणाली, "मिस्त्री, तुनं लिहिलं व्हतं ना तथी पानी? वाचून दाखव बरं याले."

मी कुंपण बाजूला सारून पुढं झालो. वाचायला काही उरलंच नव्हतं. नावापासून पायथ्यापर्यंत एकच लाल लपका. खाचेत नख घालून बघितलं, तेल आणि शेंदूर दगडासारखा बसला होता.

माझं डोकं फिरलं. पण हात नाही फिरले, हे मी अभिमानानं सांगतो. मी हातोडी काढून शिळा वाजवली. माथा, खांदा, कड. लोकांना वाटलं, साफ करायला आलाय. मला बघायचं होतं की नस कुठून जाते. कमळ असलेला खांदा फोडायचा होता, पण चुकून तडा खाली उतरला असता तर सगळी ओळ, सोनाबाईचा शब्दसुद्धा, दोन तुकड्यांत गेला असता. दगड टणकन बोलला. मी छिन्नी लावली, अनुस्वाराच्या वेळी धरतो तसा श्वास धरला, आणि घण घातला.

कमळ खाली पडलं. तडा एक बोटही पुढं गेला नाही.

"देव फोडला रे! देव फोडला!" तुळशीराम ओरडला. दोर टाकून तो माझ्या अंगावर आला, आणखी काही जण आले, कुणीतरी माझी गचांडी धरली. मीही मागे हटणारा नव्हतो.

"हाव, फोडला!" मी ओरडलो. "मीच घडवला अन् मीच फोडला! आता खंडित झाला तो. तू पुजारी हायेस ना? सांग लोकाईले, खंडित देव पूजतेत काय?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायचं कुणी? काशीबाई दिव्याचं ताट घेऊन उभी होती. ती रडत होती बिचारी. तिनंच हळूच म्हटलं, "नाही व माय. खंडिताले कुकू लावत नाहीत." आणि ताट पदराखाली घेऊन ती बाजूला झाली. तिच्या मागे दुसऱ्या बायकाही सरल्या.

तुळशीराम सहजी सोडणारा नव्हता. "मंग इथं कायले ठेवता?" तो म्हणाला. "खंडित मूर्त पान्यात शिरवतेत. पूर्णेत नेऊन टाका."

हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आणि तेवढ्यात, इतके दिवस सोगा सावरत बसलेले आमचे सरपंच बोलले.

"पूर्णेत? सरकारी दगड हाये तो! कोन शिरवते पाहू दे मले," ते म्हणाले. मग आवाज खाली आला. "माह्या बापानं इथं दोर देल्ला व्हता. हा दगड इथंच राहीन."

त्यांनी वाकून जमिनीवरचा दोर उचलला. पांढऱ्या धोतराला चिखल लागला, तो त्यांनी बघितलाही नाही. चालत सोनाबाईपाशी गेले आणि दोर तिच्या हातात दिला. "शेंद, माय."

सोनाबाईनं दोर रहाटावर चढवला आणि सवयीच्या हातानं पाणी वर ओढलं. मी म्हटलं, "आजी, पहिले मले पाज. घण मारून घसा कोरडा पडला." ओंजळ धरली. तिनं ओतलं. माझ्यामागून सरपंचांनी ओंजळ धरली. मग ओळच लागली. काशीबाईसुद्धा आली. तुळशीराम निघून गेला.

संध्याकाळपर्यंत बसून मी शेंदूर काढला. सोनाबाई शेजारी बसून राहिली. शेवटची ओळ मोकळी झाली तसं तिनं लगेच बोट घातलं. "गार हाये," म्हणाली, आणि मग मात्र रडली.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील, एवढा दगड नासवला म्हणून. ते तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "आता झाला मानसाचा दगड."

माझं नाव मात्र त्यानंतर खराब झालं. मलकापूरच्या मिस्त्रीनं फुटका दगड बसवला, देव फोडणारा मिस्त्री, काय काय बोलणं झालं. मंदिराची कामं बरेच दिवस आली नाहीत. कमळाचा तुकडा मी ठिय्यावर आणून ठेवला होता. तसं कमळ पुन्हा काढायचा पुष्कळदा प्रयत्न केला, जमलं नाही. त्याची हळहळ आहे, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी त्या गावाहून बोलावणं आलं. आता सरपंच तरुण आहे, जुन्या सरपंचांचा नातू. घरोघर नळ आलेत, विहिरीवर लोखंडी जाळी आहे. सोनाबाई जाऊन खूप काळ झाला. शिळा तिथंच, खांदा तुटका. पोरं तिला टेकून बसली होती, एकानं वरून ओला टॉवेल टाकला होता. मला बघून इतकं बरं वाटलं!

"काका," सरपंच म्हणाला, "कोपरा फुटलेला बरा दिसत नाही. नवीन शिळा करून द्या. अन् एक सांगा, बाकीची सगळी अक्षरं मळकट पडली, हा एकच शब्द असा काऊन चमकून राह्यला? तुम्ही यालेच पॉलिश केलं व्हतं काय?"

मी काठी टेकून खाली बसलो. काळा दगड सहजी झिजत नाही. त्याला हात लागत राहिले की तो फक्त गुळगुळीत होतो, आणि मग चकाकतो. पुढाऱ्यांचं नाव धुळीनं मळलं होतं. शेवटच्या ओळीतला 'पाणी' आरशासारखा लखलखत होता. खालच्या वस्तीतली एक शाळकरी मुलगी तेवढ्यात तिथून गेली. जाता जाता वाकली, त्या शब्दावरून बोट फिरवलं आणि पुढं गेली. तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

"नवी शिळा करणार नाही मी," मी सरपंचाला म्हटलं.

"काऊन?"

"एवढं पॉलिश मले जमणार नाही, बाबू."

मग मीही बोट घातलं. गार होतं.